डाव्या पुठ्ठ्यावरची चंद्रकोर

चौतीस वर्षांत माझा एक डाग चुकला नाही. एकही नाही. ही फुशारकी नव्हे, सरकारी दप्तरात नोंद आहे.

डाग म्हणजे जनावराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उठवलेली मालकाची खूण. आमच्याकडे वायोमिंगात गाय विकायची असो की घोडा, आधी डाग तपासनीस बोलवावा लागतो. तो येतो, पुठ्ठा बघतो, मालकाचं नाव सांगतो आणि विषय तिथं संपतो. निवृत्तीपर्यंत तो तपासनीस मी. व्हर्लिन टकेट. जनावर चिखलानं माखलेलं असू दे, थंडीचे केस वाढलेलं असू दे, मी 'अमक्याचं' म्हटलं की ते अमक्याचंच. एकदा दोन सख्खे भाऊ एका वासरावरून कोर्टात गेले. न्यायाधीशानं मला एक प्रश्न विचारला आणि दोघांना घरी पाठवलं.

तर अशा माणसानं एखाद्या चित्राकडे बोट दाखवून सांगितलं, की हा घोडा आमचा आणि वरचा माणूस माझा बाप, तर ते मानायला हवं की नको? आमच्या बकथॉर्न गावच्या संग्रहालयानं अकरा वर्षं मानलं नाही. अकरा वर्षांत मी चौदा पत्रं लिहिली. चौदाही पत्रांना उत्तर आलं आणि प्रत्येक उत्तर वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चित्र कसलं ते ऐका. रोलंड व्हिस्क नावाचा न्यूयॉर्कचा एक चित्रकार होता. साबणाचे खोके, दाढीचे ब्रश, जे दिसेल त्याचा फोटो मोठा करायचा, छापायचा आणि वर भडक रंग फासायचा. लोक त्यासाठी रांगा लावत. म्हातारपणी त्याला आमच्या काउबॉयवाल्या पश्चिमेचा पुळका आला. आयुष्यात कधी इकडे फिरकला नाही. कधी घोड्याच्या मागे उभा राहिला नाही. राहिला असता तर बरं झालं असतं, घोड्यानंच त्याला काय ते सांगितलं असतं. त्यानं कुठून तरी आमच्या जिल्ह्याच्या गुरांच्या जत्रेतला एक जुना फोटो मिळवला. घोडा बाजूनं दिसतोय, स्वार आपल्याकडे वळून बघतोय आणि चेहरा टोपीच्या सावलीत बुडालाय. तो फोटो या बाबानं सहा वेळा छापला. एकदा घोडा गुलाबी, एकदा हिरवा, एकदा जांभळा. खाली पाटी, 'अनाम घोडेस्वार'.

चित्र गावात आलं त्या दिवशी मी गेलो आणि सवयीनं थेट पुठ्ठा बघितला. डावा पुठ्ठा, चंद्रकोर, कोरीची टोकं उजवीकडे. टकेटांचा डाग. आमचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चंद्रकोर दोन घरांची आहे, आमची आणि पेलांची. माझे आजोबा आणि पेलांचे आजोबा भागीदार होते, नंतर भांडले. कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही, भांडण मात्र आम्ही नीट जपून ठेवलंय. वाटणी झाली तेव्हा कुरण वाटलं, विहीर वाटली आणि डागसुद्धा वाटला. आमची कोर डाव्या पुठ्ठ्यावर, टोकं उजवीकडे. पेलांची उजव्या पुठ्ठ्यावर, टोकं डावीकडे. एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या माणसांसारख्या. तेव्हापासून टकेटानं पेलाच्या घोड्यावर मांड ठोकली नाही की पेलानं टकेटाच्या. घोडा ज्याचा, स्वार त्याचा. हे मी चौदाही पत्रांत लिहिलं होतं, आणि अधोरेखित केलं होतं.

आणि हा राग नुसता डागाचा नव्हता, हेही सांगून टाकतो. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दोन वर्षांनी घराला आग लागली, त्यात सगळे फोटो गेले. मला बाबा आठवतात ते पाठमोरे, कुंपणाकडे चाललेले. चेहरा आठवत नाही. आरडाओरडा आठवतो, चेहरा नाही. त्यामुळे चौपन्नाव्या वर्षी कुणी तुमचा बाप गुलाबी रंगात का होईना पण भिंतीवर टांगून दाखवला, आणि खाली 'अनाम' लिहिलं, तर तुम्हीही पत्रं लिहिली असती.

आईला मी त्याच आठवड्यात दाखवायला नेलं. आयडेला टकेट, आता वय एक्क्याण्णव. ती चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. मग बाकावर बसली. "व्हर्लिन," म्हणाली, "मला दर रविवारी आणत जा." अकरा वर्षं मी दर रविवारी चर्चनंतर तिला आणतोय. अर्धा तास ती बाकावर बसते, मी जरा लांब उभा राहतो. नवऱ्यावर इतकी माया!

आणि संग्रहालयाच्या संचालिका लिंडबाई काय लिहितात? 'आदरणीय टकेट साहेब, घोडेस्वार अनाम असणं हाच कलाकाराचा हेतू होता.' कलाकाराचा हेतू गेला चुलीत. माझ्या बापाला नाव होतं, लायल टकेट, आणि ते त्यानं स्वतः कुणाला विसरू दिलं नसतं.

मग यंदा मार्चमध्ये पत्रक आलं. 'व्हिस्कची पश्चिम : प्रश्नमंजुषेची संध्याकाळ. चिली आणि दालचिनीचे रोल संग्रहालयातर्फे. विजेत्या संघाला व्हिस्कच्या कुठल्याही एका चित्राखालची पाटी स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा मान. पाटी वर्षभर राहील.'

मी पत्रक बायकोसमोर आपटलं. "नोरीन, पाटी मी लिहिणार."

"त्यांच्या प्रश्नांपैकी तुला एक तरी येणार आहे का?" नोरीन म्हणाली. ती चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती, समोरच्याचा मठ्ठपणा तिला लांबून कळतो.

"वाचीन."

"व्हिस्कवरचं पुस्तक चारशे पानांचं आहे. तुझा रक्तदाब पहिल्या दहा पानांत जाईल."

सहाव्या पानावर गेला. पण मी वाचलं. तीन आठवडे रोज सकाळी कॉफीबरोबर व्हिस्क वाचला आणि रोज सकाळी भडकलो. 'व्हिस्कचा घोडा हा घोडा नसून घोड्याची कल्पना आहे.' कल्पनेला एकदा नाल ठोकून दाखव म्हणावं! तळाला बारीक टिपा होत्या त्या मात्र सोडल्या. मुंग्यांएवढी अक्षरं, आणि मोठ्या अक्षरांनीच पुरेसा ताप दिला होता.

ठरल्या दिवशी साडेसहाला आम्ही तिघं पोचलो. मी, नोरीन आणि आई. संघाचं नाव 'चंद्रकोर'. दालनात दीडशे माणसं, त्यातली निदान सव्वाशे जनावरं पाळणारी. आणि शेजारच्याच टेबलावर कोण बसलंय? बर्डेट पेल. दोन सुनांना घेऊन आलेला, पुढ्यात चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचा, दुसरा वाडगा आणि चिलीत बुडवलेला रोल.

"काय तपासनीस," तो म्हणाला, "आज पंधरावं पत्र तोंडी देणार वाटतं?"

"तू कशाला आलास? तुला चित्रातलं काय कळतं?"

"काहीच नाही. रोल छान करतात इथे."

या माणसाला मी शाळेपासून ओळखतो. त्याला कधी काही करावं लागत नाही आणि सगळं मिळतं. त्याची गवताची गंजी भिजत नाही, त्याची गाय जुळी देते. मी तीन आठवडे व्हिस्क वाचून पित्त वाढवलं होतं आणि हा रोल खायला आला होता.

लिंडबाई मंचावर आल्या. उंच, बारीक, गळ्यात निळ्या पिरोजा खड्यांची ही जाड माळ. अशी माळ इथली माणसं घालत नाहीत, इथं राहायला आलेली घालतात. मागे मोठ्या पडद्यावर चित्र झळकत होतं.

पहिला प्रश्न आला, "पाचव्या चौकटीतला घोडा कुठल्या रंगाचा?"

चारशे पानं माझ्या डोक्यात गरगरली आणि रंग काही सापडेना. आई रोल कुरतडत म्हणाली, "नारिंगी. शेपटी जांभळी." बरोबर.

"स्वाराच्या गळ्यातल्या रुमालावर काय आहे?"

"ठिपके," आई म्हणाली. "गाठ जरा सैल आहे. तो अशीच बांधायचा." बरोबर.

"शर्टाची किती बटणं दिसतात?"

"पाच. सहावं पट्ट्याच्या मागं गेलंय." तिनं पडद्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं.

मी नोरीनकडे बघितलं. "बघितलंस? याला प्रेम म्हणतात. अकरा वर्षं बाकावर बसून बटणं मोजली तिनं बाबांची."

नोरीन आईकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती. म्हणाली, "हं."

मधल्या फेऱ्यांत आई दमली आणि सगळं माझ्यावर आलं. व्हिस्कच्या मांजरीचं नाव काय? व्हिस्कनं पहिलं काउबॉयचं चित्र कुठल्या हॉटेलात विकलं? मला येत होतं, पण रागानं पेन कागदातून आरपार गेलं आणि लिंडबाईंना उत्तर वाचता आलं नाही. दुसऱ्यांदा मी टेबलावर मूठ आपटली तर चिलीचा वाडगा नोरीनच्या बाहीवर कलंडला. तिनं नुसती बाही पुसली. नोरीन बोलत नाही तेव्हा हिशेब पुढं ढकललेला असतो.

आणि तो बर्डेट! त्याला उत्तरं येत नव्हती. तो सुनांना विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं गं?" त्या काहीतरी बोलायच्या आणि ते बरोबर निघायचं. मांजरीचं नाव त्यानं नुसतं ठोकून दिलं. बरोबर. माझ्या डोक्यात तिडीक उठली.

शेवटच्या प्रश्नाला दोघांचे गुण सारखे. बाकीचे संघ केव्हाच मागे पडून रोल खात होते.

लिंडबाईंनी दालन शांत व्हायची वाट बघितली. "शेवटचा प्रश्न. चित्रातला घोडेस्वार उजखोरा की डावखुरा?"

अहो, हा काय प्रश्न झाला? माझ्याच बापाबद्दल मला विचारताय? तरी खात्री असावी म्हणून आईच्या कानात विचारलं.

"उजव्या हाताचा," आई म्हणाली आणि जरा हसली. "उजव्या हातानंच टोपी काढायचा मला बघून."

मी भला मोठा 'उजखोरा' लिहून कागद वर धरला. बर्डेटच्या टेबलावर 'डावखुरा' लिहिलं होतं.

"योग्य उत्तर, डावखुरा," लिंडबाई म्हणाल्या. "दोराचं वेटोळं खोगिराच्या डाव्या बाजूला अडकवलंय. दोर फेकायचा हात ज्या बाजूला, दोर त्या बाजूला. म्हणजेच आजचे विजेते..."

"थांबा," मी म्हणालो.

नोरीननं माझी बाही धरली. "व्हर्लिन, खाली बस."

"बसणार नाही. अकरा वर्षं बसलो." आणि मी मंचाकडे निघालो. वाटेत एक खुर्ची पडली, ती पडू दिली.

लिंडबाईंचा आवाज मऊ झाला. आडमुठ्या वळूशी बोलताना आम्ही काढतो तसा. "टकेट साहेब, उत्तरपत्रिकेत असंच आहे."

"उत्तरपत्रिका गेली खड्ड्यात. चित्र बघा." आणि मी पडद्याकडे वळलो. खरं सांगतो, अकरा वर्षांत तेव्हा मी पहिल्यांदा त्या घोड्याचा पुढचा भाग नीट बघितला. तपासनिसाची सवय. चौतीस वर्षं मी जनावरांकडे मागून बघत आलोय. बघितलं, आणि दोर खरंच डाव्या बाजूला. मग माझी नजर शर्टावर गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या उजेडाचं आता काय सांगू तुम्हाला.

मी लिंडबाईंच्या हातातला माईक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"मंडळी," मी म्हणालो, "शर्टाची बटणपट्टी बघा. उजवी बाजू डावीवर आलीय. असे शर्ट बायका घालतात. आता आपापल्या छातीकडे बघा."

सव्वाशे गुराख्यांनी माना खाली घालून आपापली बटणं बघितली.

"पट्ट्याचं टोक बघा, कुठल्या बाजूला निघालंय. दोर बघा. शर्ट बाईचा, पट्टा उलटा, दोर डावीकडे. एका माणसाच्या हातून एकाच दिवशी एवढं सगळं चुकेल का? माणूस उलटा नाही, चित्र उलटं आहे! त्या व्हिस्कनं फोटो पाठीमागून छापलाय आणि तुम्ही शिकलेल्या माणसांनी इतकी वर्षं त्याची आरती केलीय."

"हो की," मागून कुणीतरी म्हणालं. "खरंच उलटं आहे." टाळ्या सुरू झाल्या. मला मंचावर उभं राहून टाळ्या मिळण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

लिंडबाई मात्र खऱ्या विदुषी निघाल्या, हे मान्य करायला हवं. त्यांनी तेच चारशे पानी पुस्तक उघडलं, मुंगीच्या अक्षरांतल्या टिपांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. चष्मा काढून परत घातला. मग मोठ्यानं वाचलं, की छपाईच्या वेळी कारागिराकडून फोटो छापायचा जाळीचा पडदा चुकून पालथा ठेवला गेला, आणि व्हिस्कला तसंच आवडलं म्हणून त्यानं ते राहू दिलं.

"टकेट साहेब बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मूळचा माणूस उजखोराच. एक गुण 'चंद्रकोर'ला, पेल यांचा गुण रद्द. विजेते टकेट कुटुंब."

काय तो गजर! मी दोन्ही हात वर केले. बर्डेटकडे बघितलं, तो रोल खाली ठेवून टाळ्या वाजवत होता. शाळेपासून हा क्षण मी मागत होतो.

"मूळ चित्र कसं असेल ते सगळ्यांनाच बघू या," लिंडबाई उत्साहानं म्हणाल्या. त्यांनी संगणकावर काहीतरी दाबलं आणि माझ्या पाठीमागचं चित्र फिरलं.

माझं तोंड लोकांकडे होतं. हात अजून वर होते. आधी पुढच्या रांगेच्या टाळ्या थांबल्या, मग त्यामागच्या. मला वाटलं, माझ्या भाषणासाठी शांत होताहेत. मग एक म्हातारा डोक्यावरची टोपी काढून हळूच बर्डेटकडे वळून बघायला लागला. मग दुसरा. मग सगळेच. बर्डेट उभा राहिला होता, त्याचं तोंड उघडं होतं.

मी वळलो.

आणि चौतीस वर्षांची सवय असते हो. पुठ्ठा दिसला की तोंड आपोआप चालतं. माईक तोंडाशीच होता. दीडशे माणसांना माझा खणखणीत सरकारी आवाज ऐकू गेला, "उजवा पुठ्ठा, चंद्रकोर, टोकं डावीकडे. मालक पेल."

पुढचा काही वेळ मला नीट आठवत नाही. चित्र उलटं, म्हणजे दोर उलटा, बटणं उलटी, तर पुठ्ठाही उलटाच की. कोरही उलटीच. एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या पोरीला कळली असती. अकरा वर्षं मी आरशातला डाग वाचत होतो आणि सरकारी शिक्का मारत होतो. आणि ते सिद्ध कुणी केलं? मीच. माईक हिसकावून. खुर्ची पाडून.

"कदाचित," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "कदाचित त्या दिवशी बाबांनी पेलांचा घोडा उसना घेतला असेल."

लिंडबाई अगदी हळू म्हणाल्या, "पण टकेट साहेब, तुमच्या चौदाही पत्रांत आहे... घोडा ज्याचा, स्वार त्याचा. अधोरेखित."

आणि मागून आईचा आवाज आला. "लायल पेलांच्या घोड्यावर? तो शंभर मैल अनवाणी चालला असता. तो ऑरिन आहे, व्हर्लिन. ऑरिन पेल. बर्डेटचा बाप."

मी मंचावरून उतरलो. टेबलाशी जाऊन आईसमोर उभा राहिलो. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तो असा तिरका बसायचा खोगिरात."

"मग बोलली का नाहीस? अकरा वर्षं!"

"तू किती खूष होतास," आई म्हणाली. मग पुढ्यातला रोल नीट बशीत ठेवला आणि म्हणाली, "आणि बोलले असते तर तू मला दर रविवारी आणलं असतंस का?"

नोरीन म्हणाली, "हं." आता मला तो 'हं' कळला.

तेवढ्यात बर्डेट आला. टोपी छातीशी धरलेली, डोळे ओले. मला वाटलं आता हा हसणार, आणि हसला असता तर मी त्याला तिथंच आडवा केला असता आणि सगळं नीट झालं असतं. पण तो हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं.

"व्हर्लिन," तो हळूच म्हणाला, "पाटी तुझी आहे. तू 'अनाम'च राहू दे. आमच्याकडे बाबांचे फोटो आहेत. तुझ्याकडे एकही नाही, हे मला माहिताय. मी कुणाला काही म्हणणार नाही."

पेल माझ्यावर दया करत होता. दीडशे माणसांसमोर! डोळ्यांत पाणी आणून! साठ वर्षांत या माणसानं माझ्याशी केलेलं हे सर्वांत नीच कृत्य. माझं पित्त असं खवळलं की कान तापले.

"हात काढ," मी म्हणालो. "मी डाग तपासनीस आहे. वाचला तो वाचला. एका पेलासाठी मी खोटी नोंद करणार नाही." आणि लिंडबाईंच्या हातातलं कोरं कार्ड घेऊन, उभ्या उभ्या, पेन आरपार जाईल इतक्या जोरात लिहिलं. 'ऑरिन पेल, बकथॉर्न.' नावाखाली दोनदा रेघ ओढली. रागानं. बहुतेक रागानंच.

आईनं मान वाकडी करून कार्ड वाचलं. "'देखणा' लिही आधी."

"आई!"

"प्रश्नांची उत्तरं कुणी दिली? बटणं कुणी मोजली? संघात मीही आहे." तिनं लिंडबाईंकडे बघितलं. लिंडबाईंनी नियम बघितले आणि मान डोलावली. तर ती पाटी आज तिथं आहे, जाऊन बघा. 'देखणा ऑरिन पेल, बकथॉर्न. ओळख पटवली : व्हर्लिन टकेट, डाग तपासनीस, निवृत्त.' 'देखणा' शब्द माझ्या अक्षरात आहे.

घरी येताना गाडीत नोरीनच्या बाहीला चिलीचा वास येत होता. आईला दारापाशी उतरवताना मी शेवटी विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं.

"मग बाबा कसे दिसायचे गं?"

तिनं वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. "लायल? देखणा नव्हता," म्हणाली. "पण मी त्याच्याशी लग्न केलं, ऑरिनशी नाही. बघायचाय तुला? मग चिडलेला असताना आरशात बघ. डावं-उजवं सोडून सगळं तेच आहे."

त्या रात्री घरी जाऊन मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिलो. चिडायचा प्रयत्न केला. व्हिस्क आठवला, लिंडबाई आठवल्या, बर्डेटचा खांद्यावरचा हात आठवला. पण नेमका त्या वेळी राग म्हणून येईना. आरशात एक दमलेला म्हातारा उभा होता, त्याला मी ओळखत होतोच.

रविवारी चर्च सुटलं. मी मुकाट्यानं गाडी घराच्या दिशेनं काढली. मागच्या सीटवर आई पर्समधून लिपस्टिक काढत होती. अकरा वर्षांत तिनं कधी लिपस्टिक लावली नव्हती.

"व्हर्लिन, रस्ता चुकलास," ती म्हणाली. "संग्रहालय डावीकडे."

"आता कशाला जायचं तिकडे?"

"आता तर खाली नावही आहे," आई म्हणाली आणि ओठ मिटून लिपस्टिक सारखी केली.

माझ्या डोक्यात जी काही सणक गेली म्हणता! दात आवळले, टोपी पुढं ओढली आणि वळण घ्यायला म्हणून वरच्या आरशात बघितलं.

बाबा बसले होते. भयंकर चिडलेले.

मी गाडी डावीकडे वळवली.